इम्युनॉलॉजी आणि पॅथॉलॉजी: अभ्यास घड्याळ समोर ठेवून

तापाचा दुसरा दिवस आहे. डेंग्यूची आयजीएम (इन्फेक्शननंतर सर्वांत आधी बनणारी अँटिबॉडी) टेस्ट निगेटिव्ह आली. मग रुग्णाला डेंग्यू नाही असं म्हणायचं का?

व्हायव्हात हा प्रश्न आला की आयजीएमवर पाच ओळी घडाघडा म्हणणारी मुलंही थांबतात. पेंटामर (पाच भाग जोडलेली) असते, आकारानं सर्वांत मोठी, प्लॅसेंटा ओलांडत नाही, कॉम्प्लिमेंटला (रक्तातल्या संरक्षक प्रथिनांच्या साखळीला) जोरात चालना देते. सगळं बरोबर, पण विचारलेल्याचं उत्तर यात कुठेच नाही. उत्तर वेळेत आहे. अँटिजन (शरीर ज्याला परकं म्हणून ओळखतं तो रेणू) पहिल्यांदा शरीरात शिरल्यापासून मोजता येण्याइतकी अँटिबॉडी तयार व्हायला साधारण ५ ते १० दिवस लागतात. डेंग्यूत आयजीएम तापाच्या पाचव्या दिवसाच्या सुमारास हाती लागू लागते. त्याआधी रक्तात खुद्द विषाणूचं एनएस१ हे प्रथिन फिरत असतं. म्हणून पहिल्या ५ दिवसांत एनएस१ आणि त्यानंतर आयजीएम. दुसऱ्या दिवशीच्या निगेटिव्ह आयजीएमवरून काहीच ठरवता येत नाही.

या दोन विषयांत नापास होणाऱ्यांची पुस्तकं अनेकदा पिवळ्या हायलायटरनं भरलेली असतात. नावं पाठ असतात. अडतं ते क्रमापाशी: कोण आधी येतं, किती तासांनी येतं, आणि दुसरा आला की पहिल्याचं काय होतं. रोग ही घडत जाणारी गोष्ट आहे, आणि परीक्षकाला ती घडण्याच्या क्रमानंच ऐकायची असते. म्हणून इथे सांगितलेली सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे: प्रत्येक नाव घड्याळावर बसवायचं.

एमबीबीएसला इम्युनॉलॉजी मायक्रोबायॉलॉजीच्या पहिल्या पेपरात येते आणि जनरल पॅथॉलॉजी पॅथॉलॉजीच्या. बीएस्सी नर्सिंगला हेच विषय तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरमध्ये अप्लाइड मायक्रोबायॉलॉजी आणि पॅथॉलॉजीत विभागलेत. बीपीटी, डीएमएलटीला खोली कमी, पण मुद्दे तेच. वेळापत्रकात विषय वेगळे असले तरी अभ्यास एकत्र करा. पॅथॉलॉजीतला मॅक्रोफेज (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणारी पेशी) आणि इम्युनॉलॉजीतला मॅक्रोफेज ही एकच पेशी आहे, आणि दोन वह्यांत दोनदा पाठ केली की ती दोन्हीकडे अर्धवट राहते.

आधी घरचे शब्द सोडवून घ्या

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांचा गोंधळ पुष्कळदा इंग्रजीत नसतो, तो ओळखीच्या मराठी शब्दांत असतो. हे शब्द एकदा बसून सोडवले की पुढचे महिने सोपे जातात.

‘सूज’ घ्या. हृदय कमजोर झालेल्या आजीच्या पायावर सूज येते आणि काटा रुतलेल्या बोटालाही सूज येते. पहिली दाबली की खळगा पडतो, पण ती लाल नसते, गरम नसते. रक्तवाहिनीतला दाब वाढल्यामुळे पाणी बाहेर आलेलं असतं, प्रथिनं फारशी नसतात. हा ट्रान्स्युडेट, विशिष्ट गुरुत्व १.०१२पेक्षा कमी. दुसरी लाल, गरम आणि दुखरी असते. तिथे वाहिनीची भिंतच सैल झालेली असते, म्हणून पाण्याबरोबर प्रथिनं आणि पेशीही बाहेर पडतात. हा एक्स्युडेट, विशिष्ट गुरुत्व १.०२०पेक्षा जास्त. पहिलीला इडिमा म्हणा, दुसरीला इन्फ्लमेशन. इन्फ्लमेशनमध्ये इडिमा असतो, पण प्रत्येक इडिमा म्हणजे इन्फ्लमेशन नव्हे. ‘इन्फ्लमेशन म्हणजे सूज’ एवढंच डोक्यात असेल, तर फरक विचारल्यावर पेन थांबतंच.

‘अंगावर पित्त उठलं’ म्हणतो तेव्हा पित्ताशयाचा काही संबंध नसतो. घरात आमसुलाचं पाणी लावतात त्या गांधी म्हणजे अर्टिकेरिया. त्वचेतल्या मास्ट पेशींनी हिस्टमिन सोडलं, बारीक वाहिन्या सैल झाल्या, कातडी फुगली. टाइप १ हायपरसेन्सिटिव्हिटीचं (इम्यून प्रतिसादानंच होणाऱ्या इजेचं) याहून जवळचं उदाहरण शोधायची गरज नाही.

‘गाठ’ तर पाच गोष्टींना म्हणतात: लिंफ नोड, ट्यूमर, सिस्ट, ग्रॅन्युलोमा आणि रक्ताची गुठळी. वहीच्या पहिल्या पानावर हे पाच शब्द लिहून प्रत्येकासमोर ‘आत काय भरलंय’ ते एका ओळीत लिहा. आणि पायाला जखम झाल्यावर जांघेत येणारं ‘अवधाण’ आठवा. पायातला अँटिजन लिंफमधून वाहत जांघेतल्या नोडमध्ये पोचतो, तिथे त्याला ओळखणाऱ्या पेशी वाढायला लागतात, नोड फुगतो आणि दुखतो. इम्यून प्रतिसाद जखमेत नाही तर नोडमध्ये सुरू होतो, हे पुस्तकातलं वाक्य इथे डोळ्यांना दिसतं.

सर्वांत जास्त नुकसान करणारा शब्द म्हणजे ‘प्रतिकारशक्ती’. तो ऐकला की बॅटरीसारखी कमी-जास्त होणारी एकच वस्तू डोळ्यांपुढे येते. मग दमा असलेल्याची ‘शक्ती कमी’ आहे असं लिहिलं जातं. दम्यात आयजीई (अ‍ॅलर्जीची अँटिबॉडी) आणि तिला चालना देणाऱ्या टीएच२ पेशींचा प्रतिसाद चुकीच्या वस्तूला आणि गरजेपेक्षा जास्त असतो. एचआयव्हीत सीडी४ पेशी घटतात. ल्युपसमध्ये स्वतःच्याच केंद्रकाविरुद्ध अँटिबॉडी बनतात. तिघांत बिघडलेला भाग वेगळा आहे. उत्तरात ‘इम्युनिटी कमी होते’ लिहायचा मोह झाला की थांबा आणि स्वतःला विचारा: कोणती पेशी, कोणता रेणू?

क्रम आणि कागद

पुस्तकाची अनुक्रमणिका अभ्यासाच्या सोयीची असतेच असं नाही. खालचा क्रम रोज दीड तास धरून साधारण ८ आठवड्यांत बसतो: पेशीची इजा आणि मृत्यू ६ दिवस, इन्फ्लमेशन ७, जखम भरणं ३, मग इम्युनॉलॉजीत जन्मजात प्रतिकार आणि कॉम्प्लिमेंट ४, अँटिजन-अँटिबॉडी ४, एमएचसी (टी पेशींना अँटिजन दाखवणारे रेणू) आणि टी पेशी ५, हायपरसेन्सिटिव्हिटी ६, ऑटोइम्युनिटी व इम्युनोडेफिशियन्सी ५, परत पॅथॉलॉजीत रक्ताभिसरणाचे बिघाड ५ आणि शेवटी निओप्लासिया ८. इन्फ्लमेशन आधी घेण्याचं कारण साधं आहे. न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज, कॉम्प्लिमेंट, सायटोकाइन (पेशींमधले निरोप नेणारी प्रथिनं) ही सगळी मंडळी तिथे पहिल्यांदा भेटतात. ती ओळख नसताना हायपरसेन्सिटिव्हिटी उघडली तर चारही टाइप सारखेच वाटतात.

प्रत्येक विषयासाठी एकच ए४ कागद, आडवा धरून. चार रकाने आखा: कधी, कुठे, कोण, रुग्णात काय दिसतं. पहिला रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि तोच मुलं रिकामा ठेवतात, कारण पुस्तकात वेळ बहुधा परिच्छेदाच्या मध्यात दडलेली असते. ती शोधून काढणं हाच अर्धा अभ्यास. कागदावर वाक्यं लिहू नका, एका खणात फार तर ४ शब्द. दोन्ही बाजू भरल्या तर समजा की तुम्ही पुस्तक उतरवून काढताय.

जखमेचं घड्याळ आणि हृदयाचं घड्याळ

अक्यूट इन्फ्लमेशनचा कागद असा भरेल. पहिल्या काही सेकंदांत आर्टिरिओल आकसतात. लगेच त्या सैल होतात, रक्त जास्त येतं: लाली आणि उष्णता. हिस्टमिनमुळे व्हेन्यूलमधल्या पेशींच्या फटी रुंदावतात: सूज. ब्रॅडिकायनिन आणि प्रोस्टाग्लँडिन: वेदना. पाचवं लक्षण, काम बंद पडणं, याच सगळ्याचा परिणाम. लक्षणं पाठ करताना प्रत्येकाच्या शेजारी त्याचं कारण लिहिलेलं असलंच पाहिजे, कारण दीर्घोत्तरी प्रश्नात गुण कारणाला असतात.

मग पेशी येतात. ६ ते २४ तासांत न्यूट्रोफिल, २४ ते ४८ तासांत मोनोसाइट येऊन मॅक्रोफेज होतात. न्यूट्रोफिल वाहिनीबाहेर कसा पडतो याच्या पायऱ्या क्रमानं: मार्जिनेशन, रोलिंग, अ‍ॅडहिजन, ट्रान्समायग्रेशन, केमोटॅक्सिस. रोलिंगला सेलेक्टिन, अ‍ॅडहिजनला इंटिग्रिन, भिंत ओलांडायला सीडी३१, आणि पुढे ओढून न्यायला सी५ए, आयएल-८ व ल्युकोट्राइन बी४. यात नेहमीची चूक म्हणजे सेलेक्टिन आणि इंटिग्रिनची अदलाबदल. ती टाळायला एक आजार लक्षात ठेवा: ल्युकोसाइट अ‍ॅडहिजन डेफिशियन्सी टाइप १. इंटिग्रिनचा सीडी१८ भाग सदोष, म्हणून न्यूट्रोफिल भिंतीवर घट्ट बसतच नाही. बाळाची नाळ पडायला उशीर होतो, वारंवार इन्फेक्शन होतं, पण पू होत नाही. रक्तात न्यूट्रोफिल भरपूर, जखमेत नाहीत. हे चित्र एकदा मनात बसलं की इंटिग्रिनचं काम विसरत नाही.

आता टाके घातलेली स्वच्छ जखम घ्या. पहिल्या २४ तासांत न्यूट्रोफिल. तिसऱ्या दिवशी त्यांची जागा मॅक्रोफेज घेतात आणि ग्रॅन्युलेशन टिश्यू (नव्या वाहिन्यांचा कोवळा भराव) भरू लागतो. पाचव्या दिवशी नव्या वाहिन्या सर्वांत जास्त. दुसऱ्या आठवड्यात कोलॅजन साठत राहतं आणि पेशींची गर्दी ओसरते. आठवड्यानं टाके काढताना जखमेची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे १० टक्के असते. ३ महिन्यांत ती ७० ते ८० टक्क्यांपर्यंत जाते आणि पूर्ववत कधीच होत नाही.

याच कागदाशेजारी मायोकार्डियल इन्फार्क्टचा (रक्त तुटून मेलेल्या हृदयाच्या स्नायूचा) कागद ठेवा. पहिल्या काही तासांत नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. ४ ते १२ तासांत मायक्रोस्कोपखाली कोॲग्युलेटिव्ह नेक्रोसिस (आकार टिकवून मेलेल्या पेशी) दिसायला लागतो. १ ते ३ दिवस न्यूट्रोफिल. ३ ते ७ दिवस मॅक्रोफेज मेलेले तंतू खाऊन टाकतात. ७ ते १० दिवसांत कडेनं ग्रॅन्युलेशन टिश्यू. २ महिन्यांनंतर पांढरा घट्ट व्रण. बघा, माणसं तीच, क्रम तोच, फक्त घड्याळ थोडं सावकाश. आणि गुंतागुंत याच क्रमातून काढता येते: ३ ते ७ दिवसांत मेलेला स्नायू खाल्ला गेलाय, पण नवा कोलॅजन अजून आलेला नाही, म्हणून भिंत सर्वांत मऊ आणि फुटण्याचा धोका याच दिवसांत. ही ओळ पाठ करावी लागत नाही, ती कागदावरूनच निघते.

नेक्रोसिसच्या प्रकारांना फार वेळ देऊ नका. जागा लक्षात ठेवा: हृदय, किडनी, प्लीहा इथे रक्त तुटलं तर कोॲग्युलेटिव्ह, मेंदू आणि गळू यांत लिक्विफॅक्टिव्ह, टीबीत केशियस, स्वादुपिंडाच्या भोवती फॅट, वाहिनीच्या भिंतीत फिब्रिनॉइड. फसवा प्रश्न एकच: रक्त तुटूनही मेंदूत कोॲग्युलेटिव्ह नाही तर लिक्विफॅक्टिव्ह होतो, मेंदू हा अपवाद म्हणून लिहायचा.

अँटिबॉडी: रिपोर्ट वाचून शिका

पाच इम्युनोग्लोब्युलिनांचा तक्ता सगळे करतात. त्याला ‘कधी’चा रकाना जोडा. पहिल्या भेटीत आधी आयजीएम, मग आयजीजी. दुसऱ्या भेटीत १ ते ३ दिवसांतच भरपूर आयजीजी. आयजीजी साधारण ३ आठवड्यांच्या हाफ-लाइफमुळे सर्वांत टिकाऊ, आणि प्लॅसेंटा ओलांडणारी एकटीच. या दोन गोष्टींवर कितीतरी प्रश्न उभे आहेत. नवजात बाळात आयजीएम सापडली तर ती बाळाचीच, म्हणजे इन्फेक्शन गर्भातलं. आयजीजी सापडली तर ती आईची असू शकते. म्हणूनच एचआयव्हीबाधित आईच्या बाळाचं निदान १८ महिन्यांच्या आत नुसत्या अँटिबॉडी टेस्टवर करत नाहीत. आणि गोवर-रुबेलाची पहिली लस ९ महिने पूर्ण झाल्यावर देतात, कारण त्याआधी आईकडून आलेली आयजीजी लसीतल्या विषाणूलाच निष्प्रभ करण्याचा धोका असतो. अंगणवाडीतलं वेळापत्रक आणि इम्युनॉलॉजीचं पान हे इतके जवळ आहेत.

सरावासाठी हिपॅटायटिस बीचे चार रिपोर्ट कागदावर लिहा आणि पुस्तक न बघता निदान करा. एचबीएसएजी म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागाचं अँटिजन, अँटि-एचबीएस त्याविरुद्धची अँटिबॉडी, आणि अँटि-एचबीसी विषाणूच्या गाभ्याविरुद्धची (कोअर). पहिला: एचबीएसएजी पॉझिटिव्ह, अँटि-एचबीसी आयजीएम पॉझिटिव्ह. अक्यूट इन्फेक्शन. दुसरा: एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटि-एचबीएस निगेटिव्ह, फक्त अँटि-एचबीसी आयजीएम पॉझिटिव्ह. विंडो पिरियड, अँटिजन संपलंय, त्याविरुद्धची अँटिबॉडी अजून दिसायची आहे. तिसरा: फक्त अँटि-एचबीएस पॉझिटिव्ह. लस घेतलेली, कारण लसीत फक्त पृष्ठभागाचं अँटिजन असतं, कोअर नसतं. चौथा: एचबीएसएजी ६ महिन्यांनंतरही पॉझिटिव्ह, अँटि-एचबीसी आयजीजी पॉझिटिव्ह. क्रॉनिक. या चार ओळी सुटल्या तर अँटिजन आणि अँटिबॉडी यांतला फरक तुम्हाला खरोखर कळलाय.

एमएचसीला एक सोपा हिशेब आहे: गुणाकार ८ यायला हवा. क्लास १ × सीडी८, क्लास २ × सीडी४. क्लास १ केंद्रक असलेल्या सगळ्या पेशींवर, आतून बनलेली प्रथिनं दाखवतो. क्लास २ फक्त अँटिजन सादर करणाऱ्या पेशींवर, बाहेरून गिळलेली. सायटोकाइन ५० पाठ करायला जाऊ नका. आयएल-१, ६, टीएनएफ (ताप), आयएल-८ (न्यूट्रोफिलला बोलावणं), आयएल-२ (टी पेशींची वाढ), आयएल-४ (आयजीई), आयएल-५ (इओसिनोफिल), आयएल-१२ आणि इंटरफेरॉन गॅमा (मॅक्रोफेजला चेतवणं), आयएल-१७, आणि आवर घालणारे आयएल-१० व टीजीएफ-बीटा. एवढे १२ पुरे. टीएच१ आणि टीएच२चा फरक कुष्ठरोगावर शिका. ट्यूबरक्युलॉइडमध्ये टीएच१ भक्कम, जंतू थोडे, ग्रॅन्युलोमा नीट बांधलेले, लेप्रोमिन (कुष्ठजंतूची त्वचेतली टेस्ट) पॉझिटिव्ह. लेप्रोमॅटसमध्ये टीएच१ दुबळा, मॅक्रोफेज जंतूंनी गच्च, लेप्रोमिन निगेटिव्ह, आणि अँटिबॉडी भरपूर असूनही निरुपयोगी, कारण जंतू पेशीच्या आत आहे.

हायपरसेन्सिटिव्हिटी: इथे रेंगाळा

जेल आणि कूम्ब्ज यांनी १९६३मध्ये मांडलेली चार टाइपांची विभागणी आजही प्रत्येक पेपरात असते. व्याख्येआधी वेळ लिहा. टाइप १: मिनिटं. टाइप ३: आठवडा-दोन आठवडे, म्हणजे अँटिबॉडी तयार होऊन अँटिजनशी जाळं विणेपर्यंत. टाइप ४: ४८ ते ७२ तास. टाइप २ला असं एक ठरावीक घड्याळ नाही. अँटिबॉडी आधीच तयार असेल तर रक्त चढवताच, नसेल तर आठवड्यांनी.

टाइप १मध्ये दोन भेटी असतात हे विसरू नका. पहिल्या भेटीत काहीच घडत नाही. फक्त आयजीई बनून मास्ट पेशींवर जाऊन बसते. दुसऱ्या भेटीत अँटिजन दोन शेजारच्या आयजीई जोडतं आणि ५ ते ३० मिनिटांत कण फुटतात. त्यानंतर २ ते २४ तासांत लेट फेज, तिथे इओसिनोफिल. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये पहिलं औषध अ‍ॅड्रिनॅलिन, १:१००० द्रावणाचं मोठ्या माणसाला ०.५ मिलि, मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला स्नायूत. अँटिहिस्टमिन आधी लिहिणं ही चूक परीक्षेतही महागात पडते आणि वॉर्डातही.

टाइप २साठी आपल्याकडचं उदाहरण घ्या: बॉम्बे ब्लड ग्रुप, डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२मध्ये मुंबईत नोंदवलेला. या व्यक्तीच्या लाल पेशींवर ए नाही, बी नाही आणि ज्यापासून ए-बी बनतात तो एच अँटिजनही नाही. स्लाइडवर अँटि-ए आणि अँटि-बी टाकलं तर गुठळ्या होत नाहीत, म्हणून ‘ओ’ असं लिहून मोकळं होता येतं. चूक इथेच होते. रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये त्याच्या सीरममध्ये ए पेशी टाका, गुठळ्या. बी पेशी टाका, गुठळ्या. आणि ओ पेशी टाकल्या तरी गुठळ्या, कारण सीरममध्ये अँटि-एच आहे. ओ पेशींची ही तिसरी नळी लावलीच नाही तर बॉम्बे ग्रुप ‘ओ’ म्हणून निसटतो, आणि ओ रक्त चढवलं की आधीपासून हजर असलेली अँटिबॉडी पेशींवर बसते, कॉम्प्लिमेंट सुरू होतं, वाहिनीतच पेशी फुटतात. थंडी-ताप, कंबरदुखी, लालसर लघवी. डीएमएलटीच्या विद्यार्थ्यांनी या नळ्या हातानं लावून पाहाव्यात. बाकीच्यांनी निदान चार वेळा काढाव्यात.

टाइप २मध्ये दरवेळी पेशी मरतातच असं नाही, हेही लिहायचं असतं. ग्रेव्ह्ज आजारात अँटिबॉडी थायरॉइडला चालना देते, मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये रिसेप्टर अडवते. र्‍हुमॅटिक फीव्हर घसादुखीनंतर २ ते ४ आठवड्यांनी येतो. हा मधला काळच सांगतो की जंतू नव्हे तर जंतूविरुद्ध बनलेली अँटिबॉडी हृदयावर उलटली.

टाइप ३: शेतात साप चावला, घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं अँटिव्हेनम दिलं, रुग्ण बरा होऊन घरी गेला. आठवडा-दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ, लघवीत प्रथिनं. घोड्याच्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी बनली, दोघांची कॉम्प्लेक्सं किडनीत, सांध्यांत, त्वचेत अडकली. हा सीरम सिकनेस. सलाइन चालू असताना काही मिनिटांत येणारी रिअ‍ॅक्शन वेगळी, तिच्याशी घोळ करू नका. कॉम्प्लिमेंट वापरलं गेल्यामुळे रक्तातलं सी३ कमी होतं, हे एक वाक्य उत्तर वरच्या दर्जाचं करतं.

टाइप ४ (टी पेशींचा प्रतिसाद): टीबीची मान्टू टेस्ट. हाताच्या आतल्या बाजूला ०.१ मिलि पीपीडी (टीबीच्या जंतूचं शुद्ध केलेलं प्रथिन) त्वचेत, लगेच ६ ते १० मिमीचा फुगा उठायला हवा. उठला नाही तर सुई खोल गेली. ४८ ते ७२ तासांनी वाचायची आणि कडकपणा मोजायचा, लाली नाही. बॉलपेननं बाहेरून आत रेघ ओढत या, पेन अडेल तिथे कड. आपल्याकडे १० मिमी किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह धरतात. एचआयव्ही असेल तर ५ मिमी पुरतात. पॉझिटिव्ह म्हणजे जंतूशी गाठ पडली होती एवढंच, आजार आहेच असं नाही. गावाकडचं उदाहरण हवं असेल तर बिब्बा उतणं. तिथे एक बारकावा: बिब्ब्याचा रस पहिल्याच वेळी कातडी जाळू शकतो, तो रासायनिक दाह, आधी संपर्क आलेल्याला दोन दिवसांनी खाज आणि फोड आले तर तो टाइप ४.

शेवटी पेनिसिलिन. एकच औषध चारही टाइप घडवू शकतं: अ‍ॅनाफिलॅक्सिस, हिमोलायटिक अ‍ॅनिमिया, सीरम सिकनेससारखा आजार, काँटॅक्ट डर्मटायटिस. चारही रकाने फक्त या औषधावर भरून बघा.

कॉम्प्लिमेंट वाचू नका, काढा

क्लासिकल वाटेचा क्रम १, ४, २, ३, मग ५ ते ९. चार दोनच्या आधी येतो कारण आकडे शोधाच्या क्रमानं पडले, कामाच्या नाही. तीनही वाटा तीन दिशांनी सी३कडे येतात असं काढा: क्लासिकल (अँटिजनवरची आयजीएम किंवा आयजीजी), लेक्टिन (जंतूवरची मॅनोज), अल्टरनेटिव्ह (सी३ स्वतःच, सोबत फॅक्टर बी, डी आणि प्रॉपर्डिन). सी३पासून तीन फाटे: सी३बी ऑप्सोनिन (जंतूवर बसून तो गिळायला सोपा करणारं), सी३ए व सी५ए दाह पेटवणारे, सी५बी-९ भोक पाडणारं. प्रत्येक फाट्यावर एक बिघाड लिहा: सी३ नाही, पू करणाऱ्या जंतूंचे इन्फेक्शन वारंवार; सी५ ते ९ नाहीत, नायसेरिया; सी१ इन्हिबिटर नाही, चेहरा-घशाची सूज येणारा हेरेडिटरी अँजिओइडिमा. काही नव्या पुस्तकांत सी२च्या तुकड्यांची ए-बी नावं उलटी दिसतील. तुमच्या कॉलेजात जे पुस्तक चालतं तेच एकसारखं वापरा. एका उत्तरात दोन्ही नावं आली की परीक्षकाला ती चूकच वाटते.

कोरा कागद आणि उत्तरपत्रिका

वाचून झालं की पुस्तक बंद, १२ मिनिटांचा गजर, कोऱ्या कागदावर चार रकाने आठवून भरा. मग लाल पेननं सुटलेलं लिहा. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा, प्रत्येक वेळी नवा कागद. लाल शाई सातव्या दिवशीही तेवढीच असेल तर पाठांतर कमी पडलेलं नाही. मधली एखादी पायरी समजलेली नाही. ती पायरी शोधून पुस्तकात फक्त तेवढीच वाचा. वाचताना ‘हे येतंय’ असं वाटणं आणि कोऱ्या कागदावर येणं यांत फार अंतर असतं, आणि ते परीक्षेच्या आधी कळलेलं बरं.

पेपर १०० गुणांचा आणि ३ तासांचा असेल तर एका गुणाला पावणेदोन मिनिटं. ५ गुणांच्या उत्तराला ८ मिनिटं, १० गुणांना १७, शेवटी थोडा वेळ उरतो तो आकृत्यांना नावं द्यायला. लघुत्तराचा सांगाडा ठरवून ठेवा: एका ओळीत व्याख्या, वेळेसह पायऱ्या बाणांनी, एक आकृती, दोन उदाहरणं, एक क्लिनिकल ओळ. इंग्रजी वाक्यं जमत नसतील तर लांब वाक्यांच्या नादी लागू नका. बाइंड्स, अ‍ॅक्टिव्हेट्स, रिलीजेस, रिक्रूट्स, डिस्ट्रॉइज, कॉझेस ही सहा क्रियापदं हाताशी असली की यंत्रणेचं जवळजवळ प्रत्येक वाक्य होतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे घाईत मुलं ‘मास्ट सेल हिस्टमिन’ एवढंच लिहून पुढे जातात. आधी कर्ता, मग लगेच क्रियापद, असं लिहायची सवय घरीच लावून घ्या.

प्रॅक्टिकलला टीबीची स्लाइड समोर आली तर थेट मोठ्या पॉवरवर जाऊ नका. छोट्या पॉवरवर फिकट गुलाबी, कणीदार, केंद्रकं नसलेला भाग शोधा: तो केशियस नेक्रोसिस. त्याच्या कडेला चपलेच्या तळव्यासारख्या लांबट केंद्रकांच्या एपिथेलिऑइड पेशी, त्यांत घोड्याच्या नालेसारखी केंद्रकं मांडलेली लँगहान्स जायंट पेशी, आणि बाहेर गडद ठिपक्यांचा लिंफोसाइटचा कडा. मग परीक्षक विचारतील, ‘इन्फेक्शननंतर हे किती दिवसांनी दिसेल?’ टी पेशींचा प्रतिसाद उभा राहायला २ ते ३ आठवडे लागतात, म्हणून त्याआधी नाही.